दाराची आतली बाजू

सर थेट वर्गात शिरत नसत. आधी उंबऱ्यात उभे राहून वर्गाचा वास घेत. मान जरा वर, डोळे अर्धवट मिटलेले, दोन लांब श्वास. मग निकाल लागायचा. "मागच्या बाकावर कुणाच्या तरी डब्यात कालची सुकट आहे. खिडकी उघडा." सुकट दत्ताची असायची. दत्ता लालबागचा, मूळचा मालवणकडला, वर्गातला माझा एकुलता एक मित्र. तो खाली मान घालून डबा पिशवीत आणखी खोल ढकलायचा. सरांचं नाक चुकलेलं मी कधी पाहिलं नाही, पण बरोबर निघाल्याचा आनंदही त्यांच्या तोंडावर कधी दिसला नाही. एक संशय खरा ठरला की त्यांना लगेच दुसरा यायचा.

वर्ग सॅनिटरी इन्स्पेक्टरचा होता. परळच्या एका शाळेत संध्याकाळी सहा ते आठ. दिवसा तिथे चौथीची पोरं बसत, त्यामुळे बाकांवर आमचे गुडघे हनुवटीला लागायचे. आम्ही बाराजण. सगळे मॅट्रिक झालेले, सगळ्यांचे बाप गिरणीत नाहीतर गोदीत, आणि आपल्या बापाच्या जागी उभं राहायचं नाही एवढंच सगळ्यांना ठाऊक.

हल्ली सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतलेली मुलं भेटायला येतात. मी या खात्यात जन्म काढला म्हणून विचारतात, "काका, या क्षेत्रात पुढे संधी काय?" चांगल्या घरची, हुशार मुलं. मला त्यांना उत्तर द्यायचं असतं, पण आधी सर आठवतात. पहिल्याच दिवशी कुणीतरी त्यांना हाच प्रश्न विचारला होता. सरांनी फळ्यावर ओळीने लिहिलं : इन्स्पेक्टर, देवी डॉक्टर, मलेरियावाला, अन्नभेसळवाला. मग खडू खाली ठेवून म्हणाले, "यातलं काहीही झालात तरी लोक दार लावून घेणार आहेत. संधी म्हणाल तर ही. लावलेल्या दारात पाय घालायची."

दिसायला सर काही खास नव्हते. धोतर, बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, कोटाच्या खिशात बॅटरी. नोकरीत तीस पावसाळे गटारं तपासून निवृत्त झालेले, राहायला ठाकूरद्वारच्या एका वाडीत. हॉटेलात चहा मागवला की उठून भटारखान्यात जायचे आणि दूध उकळून वर येईपर्यंत तिथेच उभे राहायचे. एकदा दादरला एका विद्यार्थ्याच्या लग्नाला गेले, तर मांडवात न येता मागच्या बाजूने आचाऱ्यांकडे. तिथे आठही आचाऱ्यांना हात पुढे करायला लावून नखं बघितली. वधूपित्याला वाटलं म्युनिसिपालिटीची धाड आली. तो बिचारा धावत आला आणि त्याने सरांच्या हातात बुंदीच्या लाडवांचा पुडा कोंबला. सरांनी पुडा उघडून एक लाडू फोडला, आत पाहिलं, पुन्हा वळून ठेवला आणि म्हणाले, "लाडू चांगले आहेत. पाचव्या आचाऱ्याला नखं कापायला सांगा." मग जाऊन अक्षता टाकल्या.

त्यांचं एक वाक्य होतं, ते आमच्या मानगुटीवरच बसलं होतं : "पाहिलंस की मानलंस?" गटार वाहतंय म्हणालात की हे वाक्य. नळाला पाणी येतं म्हणालात की हे वाक्य. दत्ता एकदा म्हणाला, "सर, आज सोमवार." सरांनी त्यालाही विचारलं.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. गिरणगावात रोज मोर्चा नाहीतर सभा, आणि वर्गातली निम्मी बाकं रिकामी. गैरहजर मुलाने ताप आल्याचं सांगितलं की सर त्याला जीभ बाहेर काढायला लावत. एका सकाळी शाळेच्या भिंतीवर हातभर अक्षरांत 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असं उमटलं, आणि त्याच संध्याकाळी आमच्या प्रात्यक्षिकाचा चुन्याचा डबा अर्धा निघाला. गटारात टाकायचा चुना तो. सरांनी सगळ्यांचे हात तपासले. दत्ताच्या नखांत पांढरं होतं.

"अक्षर तुझं?"

"होय सर." दत्ता ताठ उभा राहिला. काढून टाकतील या तयारीने तो आला होता.

"चुना कुणी कालवला?"

"मीच सर."

"पातळ झालाय. असा चुना गटारात टाकलास तर जंतू आंघोळ करून वर येतील. भिंतीवर लिही नाहीतर आभाळात लिही, चुना दाट कालव." आणि मग फळ्याकडे वळता वळता म्हणाले, "मुंबई मिळणार आपल्याला. पण गटारांसकट मिळणार आहे, हे तुमच्या सभेत कुणी बोलतं का?"

वर्ग हसला. मी हसलो नाही. मी मूळचाच संशयी. त्यात त्या वर्षी तर फारच. आमच्या घरच्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन वर्षही झालं नव्हतं. बाबांनी देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून समुद्रात सोडले होते, आणि डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत घरोघर तेच झालं होतं. वर्गात माझी जात कुणी विचारत नव्हतं, पण डिलाईल रोड आणि चाळीचा नंबर सांगितला की न विचारताच कळायचं. सर ठाकूरद्वारचे ब्राह्मण. सर आम्हाला लालबागची गटारं दाखवायला घेऊन गेले तेव्हा वाटेत दत्ताच्या आईने पाणी पुढे केलं, ते सरांनी घेतलं नाही. दत्ता म्हणाला, "ते कुणाकडेच पीत नाहीत." माझ्या मनात आलं, उद्या माझ्या घरी नाही म्हणायचंय, म्हणून आज हिच्याकडे नाही म्हणून ठेवताहेत. इतका पुढचा विचार मी करायचो.

पुढे एकदा हजेरीपट पोचवायला त्यांच्या घरी गेलो. सुनेने सरांना पाण्याचा पेला आणून दिला. सरांनी तो खाली ठेवला, आत जाऊन माठावरचं झाकण उचललं, बॅटरी मारून माठाचा तळ पाहिला, आणि मग येऊन प्यायले. सून मागे वळूनही न बघता कामाला लागली. तिला सवय असावी. मला पितळी पेल्यात पाणी दिलं. मी प्यायलो, आणि पेला हळूच उलटा करून खाली कोरलेलं नाव वाचलं. घरातल्या भांड्यांवर असतं तेच नाव आहे, की आमच्यासारख्यांसाठी बिननावाचा वेगळा पेला ठेवलाय, ते मला बघायचं होतं. नाव तेच होतं. मान वर केली तर सर माझ्याकडे बघत होते. मला वाटलं आता जमीन दुभंगावी.

"बरोबर," सर म्हणाले. "पाहून घ्यावं."

तरी माझा संशय पुरता गेला असं मी म्हणणार नाही. एका पेल्याने जायला तो काही एका पिढीचा नव्हता.

आता वहीबद्दल. आमचं सगळं या वहीवर होतं. प्रत्येकाने एका चाळीची पाहणी करून ती वहीत लिहायची आणि तिच्यावर परीक्षक म्हणून सरांची सही घ्यायची. सही नाही तर परीक्षेला बसता येत नाही, आणि परीक्षा नाही तर सर्टिफिकेट नाही, म्हणजे म्युनिसिपालिटीच्या नोकरीचं नावच नको. मला बाबांनी एक वर्ष दिलं होतं. ते गिरणीत सूतखात्यात. दिवसभर कापूस गिळून रात्री खोकायचे. माणसं कामाला घेणाऱ्या जॉबरच्या कानावर माझं नाव घालून ठेवलं होतं. "वर्षात साहेब झालास तर झालास," ते म्हणाले, "न्हाईतर माझ्यासंगं बदलीला उभा राह्यचं." बदलीला उभं राहणं म्हणजे सकाळी गिरणीच्या फाटकात उभं राहायचं आणि कोणी कामगार आला नाही तर त्याच्या जागी आत घेतील याची वाट बघायची. मला ते नको होतं. फाटकातल्या त्या चेहऱ्यांची मला लहानपणापासून भीती वाटायची.

कुठली चाळ बघायची हे सर ठरवत, आणि त्यांचा नियम उफराटा होता. ज्याने त्याने स्वतःचीच चाळ तपासायची. "परक्याच्या घरात तुमचे डोळे उघडे असतात," ते म्हणायचे. "आपल्या चाळीत तुम्ही डोळे मिटून जिना चढता. मला मिटलेले डोळे तपासायचेत."

आम्ही खूश झालो. आपली चाळ म्हणजे काय बघायचंय? दत्ताने लालबागच्या हॉटेलात बसून एका चहात वही पुरी केली. म्हणाला, "माका काय नवीन बघूचा हा? आमच्या चाळीतलो उंदीरसुद्धा माका नावान वळाखता." मी त्याच्याहून प्रामाणिक. मी गॅलरीतून एक फेरी मारली. दोन मजले, बत्तीस खोल्या. त्या साली देवीच्या साथीची कुणकुण होती, म्हणून दारं मात्र नीट पाहिली. घरात देवी आल्या की आपल्याकडे दाराला निंबाचा डहाळा बांधतात. डहाळा दिसला की परका माणूस आत जात नाही. टोचायला फिरणारे जुने देवी डॉक्टरही दारंच बघत चालायचे. डहाळा असेल तिथे रोगी, नसेल तिथून पुढे. मला एकाही दारावर डहाळा दिसला नाही. घरी येऊन ट्रंकेवर बसलो आणि बत्तीस ओळींत लिहून टाकलं : पिंप झाकलेलं, उंदीर नाही, देवी नाही.

सरांनी वही वाचली. पानं उलटली, पुन्हा पहिल्या पानावर आले.

"बत्तीस खोल्यांत कुणाला साधं पडसं नाही?"

"नाही सर."

"एवढं आरोग्य तर स्वर्गातच असेल. आणि तिथे सगळे मेलेले असतात." त्यांनी वही मिटली. "रविवारी सकाळी येतो."

आले. खोली एकपासून सुरुवात केली. प्रत्येक घरात आत जायचं, पिंपात बॅटरी मारायची, पोरांचे दंड उघडे करून टोचल्याची खूण बघायची. तिसऱ्या खोलीत उंदराचं बीळ निघालं, सातव्यात, म्हणजे आमच्याच खोलीत, पिंप उघडं. एकविसावी खोली माझ्या मावशीची. सख्खी मावशी. नवरा गोदीत, पदरी एक चार वर्षांची मुलगी, बेबी. मावशी दारातच उभी राहिली.

"समदं बरं हाय मास्तर. पोरगी झोपलीया."

मीही घाई केली. "सर, दाराला निंब नाही."

"नाही," सर म्हणाले. "का नाही?"

"आम्ही बौद्ध झालोय सर. आमच्यात आता लावत नाहीत."

"लावत नाहीत, हे पाहिलंस की मानलंस?"

ते आत गेले. खोलीकडे पाहिलंच नाही. मागे वळून त्यांनी दार लावून घेतलं. सताड उघडं असताना भिंतीला टेकलेलं दार बंद झालं आणि त्याची आतली बाजू समोर आली. कडीला निंबाचा डहाळा बांधला होता. पाला अजून हिरवा होता. लुगड्याच्या पडद्यामागे बेबी पडली होती. तोंडावर, हातांवर, पायांवर फोड. डोळे सुजून मिटलेले. मी पुढे गेलो नाही, माझ्याने जाववलं नाही.

मावशी खाली बसली. सरांशी नाही, माझ्याशी बोलली. "तुझ्या बापानं देव समुद्रात सोडलं तवा म्या बी सोडलं. खऱ्या मनानं सोडलं. पर पोरीच्या अंगावर आली, मला दुसरं काय ठावं हाय रं? भाईर लावला असता तर चाळ म्हनली असती, हिची दीक्षा खोटी. म्हून आत लावला."

हे मला कळायला हवं होतं. सरांना नव्हे, मला. आमच्या बायांचं मन दाराच्या कुठल्या बाजूला असेल, हे ठाकूरद्वारच्या माणसाने येऊन मला दाखवावं, याची लाज मला आजही वाटते.

सरांनी वही माझ्या हातात दिली. "लिही."

"सर, माझी मावशी आहे."

"नाव लिही. वय लिही. खोलीचा नंबर लिही. या मजल्यावर मी नऊ पोरांचे दंड पाहिले, पाचांना टोचलेलं नाही."

मी लिहिलं. अक्षर माझं वाटेना. दुपारी गाडी आली, बेबीला आणि मावशीला साथीच्या इस्पितळात घेऊन गेली. गाडीत चढताना मावशी म्हणाली, "तुला शिकिवलं ते ह्येच्यासाठी व्हय रं?" चाळ गॅलरीत उभी होती. कुणीतरी मला शिवी दिली. तेव्हा सर जिन्याच्या मधल्या पायरीवर उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "नाव मी दिलंय. याला शिव्या देऊ नका. मी ठाकूरद्वारला राहतो, तिथे येऊन मला द्या. येताना पोरांना टोचून आणा." मग कोटाची बाही वर करून स्वतःच्या दंडावरची खूण सगळ्यांना दाखवली. हे त्यांनी माझ्यासाठी केलं की पोरं टोचून व्हावीत म्हणून, हे मला तेव्हाही कळलं नाही. पण पोरं टोचून झाली. चाळीत दुसरं कुणी पडलं नाही.

बेबी वाचली. दीड महिन्याने घरी आली, तोंडभर व्रण घेऊन. मावशी माझ्याशी बोलेनाशी झाली.

आणि सरांनी माझ्या वहीवर सही केली नाही.

"नंतरचं खरं लिहिलंस," ते म्हणाले, "पण आधीची बत्तीस खोटी आहेत. नंतरच्या खऱ्याने आधीचं खोटं पुसायचं म्हटलं तर मग वही कशाला हवी?"

बाबांनी दुसऱ्या दिवशी मला पहाटे उठवलं आणि फाटकात नेऊन उभं केलं. पहिल्या आठवड्यात दोनदा आत घेतलं. संध्याकाळी नाक शिंकरलं की आतून कापूस यायचा. त्याच सुमाराला दत्ता भेटला. वर्गातल्या बाकीच्या अकराही जणांना सही मिळाली होती. हॉटेलात बसून लिहिलेल्या दत्ताच्या वहीलाही! तो मला सांगताना खजील झाला, पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझीच चाळ तपासायला आले. अकरांपैकी एकाचीही नाही, माझीच. सगळ्या जुन्या संशयांना एकदम जागा मिळाली.

मी तसाच वर्गावर गेलो. सर एकटे बसून दिवा पुशीत होते.

"सर, एक विचारायचंय. मी डिलाईल रोडच्या त्या चाळीतला नसतो, तर तुम्ही तपासायला आला असतात?"

मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फडकं खाली ठेवलं.

"जातीमुळे आलो असं मला वाटत नाही," ते म्हणाले. "पण हे मी मानतोय. पाहिलेलं नाही." मग म्हणाले, "तुझ्याच चाळीत का आलो, याचं उत्तर माझ्यापाशी नाही. असायला हवं होतं. तू जा."

मी गेलो. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही.

पुढचे तीन आठवडे सर त्या अकरा चाळी तपासत हिंडले. लालबाग, शिवडी, माझगाव, सगळीकडे पायी. उन्हाने काळे पडले. नऊ वह्या घरबसल्या लिहिलेल्या निघाल्या. सरांनी अकराही सह्या रद्द केल्या, खऱ्या दोनसुद्धा, कारण सही करताना त्याही चाळी पाहिलेल्या नव्हत्या. आणि वर्ग चालवणाऱ्या मंडळाला पत्र लिहिलं : परीक्षकाने न तपासता सह्या केल्या, एकाच विद्यार्थ्याची चाळ तपासली, त्याचं कारण तो देऊ शकत नाही, तरी परीक्षकावर योग्य ती कारवाई व्हावी. खाली स्वतःची सही. स्वतःविरुद्ध तक्रार आलेली मंडळाने कधी पाहिली नसावी. त्यांनी सरांना नारळ दिला. वयोमानामुळे, असं कागदावर लिहिलं.

दत्ता माझ्या घरी आला. गॅलरीतूनच म्हणाला, "तुका कोणी सांगलेला विचारूक? माझा मेल्याचा काम झालेला." त्याची सही जावी असं मला वाटत नव्हतं. मला वाटत होतं, माझी मिळावी. या दोन गोष्टी एक नव्हत्या हे मला विचारून झाल्यावर कळलं.

मंडळाने नवे परीक्षक नेमले आणि सगळ्यांना पंधरा दिवसांत वह्या पुन्हा द्यायला सांगितलं. मी गिरणीतून सुटलो की रोज संध्याकाळी चाळीत फिरायचो. बत्तीस खोल्या, एकेका खोलीत आत जाऊन. प्रत्येक दार लावून मागे पाहिलं. लोक हसायचे. मावशी माझ्याशी बोलली नाही, पण तिने आत येऊ दिलं. उंदराची बिळं लिहिली, उघडी पिंपं लिहिली, दोघांचा जुना खोकला लिहिला, त्यातला एक बाबांचा.

नवे परीक्षक फार गोड माणूस. त्यांनी आम्हा बाराजणांना बोलावून चहा दिला. वह्यांचा गठ्ठा समोर होता. ते शेवटच्या पानाचा कोपरा उचलत, सही करत, शिक्का मारत आणि वही बाजूला ठेवत. माझी वही आली तेव्हा मी म्हणालो, "सर, पहिलं पान बघता?" ते म्हणाले, "छान आहे," आणि शिक्का मारला. दत्ताने माझा हात दाबला. झालं होतं. मी परीक्षेला बसणार होतो, गिरणीचं फाटक सुटणार होतं. वही काखेत मारून मी रस्त्यावर आलो, आणि मला इतकं फसल्यासारखं कधी वाटलं नव्हतं.

तसाच ठाकूरद्वारला गेलो. सर ओट्यावर बसले होते. टोपीशिवाय मी त्यांना प्रथमच पाहिलं. म्हातारे दिसत होते.

"सर, सही हवीय."

त्यांनी वही घेतली, शेवटचं पान पाहिलं. "झालीये की. शिक्काही आहे. माझ्या सहीला आता काडीची किंमत नाही."

"त्यांनी वही उघडली नाही सर."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग आत गेले. मला वाटलं पेन आणायला गेले. बाहेर आले ते कोट आणि टोपी घालून.

"चल."

एका संध्याकाळी आटपलं नाही. दोन संध्याकाळी लागल्या. वही हातात घेऊन ते ओळ वाचायचे, मग खोलीत शिरायचे. एकविसाव्या खोलीत मावशी चुलीपाशी पाठ करून बसली होती. सर काही बोलायच्या आत बेबी उठली, व्रणांच्या तोंडाने हसली आणि दोन्ही हातांनी दार ढकलून तिनेच लावलं, आतली बाजू दाखवायला. सरांनी वाकून ती नीट पाहिली. "काही नाही," ते तिला गंभीरपणे म्हणाले. मावशीचे खांदे हलत होते.

सगळं वहीशी जुळलं. सरांनी शेवटी ठेवलेल्या सातव्या खोलीपाशी, आमच्याच खोलीपाशी तेवढं अडलं. वहीत होतं, 'पिंप झाकलेलं'. पिंपावर झाकण नव्हतं.

"मास्तर, आत्ताच पानी काढलंय!" आई कळवळून म्हणाली. "त्येच्या बापाला द्याया. झाकतेच की."

"काल झाकलेलं होतं सर," मी म्हणालो.

"काल मी नव्हतो."

त्यांनी सातव्या ओळीवर रेघ मारली. मग गॅलरीच्या कठड्यावर वही टेकवून त्या गोल शिक्क्याच्या खाली, बारीक सरळ अक्षरांत लिहिलं : 'खोली क्रमांक सात सोडून बाकी एकतीस खोल्या मी स्वतः पाहिल्या. नोंद खरी आहे.' सही केली, तारीख घातली, शाई वाळेपर्यंत फुंकर मारली आणि वही माझ्या हातात दिली.

मला रडू आलं. बाबा बघत होते, आई बघत होती, मला आवरलं नाही. सर दोन पावलं जवळ आले, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं आणि अंगठ्याने माझी खालची पापणी ओढली.

"लाल आहेत. डोळे आलेत का रे चाळीत कुणाचे? वर बघ."